‘श्यामची आई’च्या आधीचे साने गुरुजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२४ डिसेंबर जवळ आला, की शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते आणि माझा फोन वाजायला लागतो. खानदेशातल्या एका शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे जुने विद्यार्थी आता स्वतःच्या मुलांसाठी विचारतात. ‘श्यामची आई’वर सगळ्यांनाच बोलता येतं. ‘त्याआधी गुरुजींनी काय लिहिलं?’ असं परीक्षकांनी विचारलं, की मात्र गाडी अडते. दरवर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

‘श्यामची आई’ हे गुरुजींचं पहिलं पुस्तक ना?

नाही. हा सगळ्यात रुजलेला गैरसमज आहे. ‘श्यामची आई’ लिहिली गेली फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, आणि छापून आली १९३५ साली. लिहिताना गुरुजी तेहतीस वर्षांचे होते आणि त्यांचा हात जवळजवळ दहा वर्षं लिहिता होता. वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहिलेलं दैनिक, विद्यार्थ्यांसाठी मासिक, थोर माणसांची चरित्रं, तुरुंगातल्या कविता, आणि दुसऱ्या एका मोठ्या माणसाची प्रवचनं उतरवून घेण्याचं काम, एवढं सगळं त्याआधी झालं होतं. माझं म्हणणं असं आहे, की ‘श्यामची आई’ची भाषा कुठून आली हे कळायचं असेल तर या दहा वर्षांकडे बघावंच लागतं. ती भाषा तुरुंगात एका रात्रीत सुचलेली नाही. समोर बसलेल्या मुलांसाठी रोज लिहिता लिहिता ती घडली.

गुरुजी कोकणातले. मग अमळनेरचा संबंध कसा आला?

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. घराणं खोतांचं, पण वैभव ओसरलेलं. शिक्षण असं झालं की वाचतानाही दमायला होतं : पालगड, दापोली, मग औंध, मग पुणे. औंधला स्वतःच्या हातानं रांधून खात शिकायचं, तिथून प्लेगमुळे निघायचं आणि पुण्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. १९१७ साली आई गेली.

पुण्यात बी. ए. झाल्यावर ते तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. श्रीमंत प्रतापशेठ यांनी उभी केलेली ही संस्था. पण तत्त्वचर्चेत त्यांचं मन फार काळ रमलं नाही. १९२४ साली ते अमळनेरातच खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे शाळेच्या छात्रालयाची, म्हणजे वसतिगृहाची, जबाबदारी त्यांच्याकडे आली. हे वळण मला फार महत्त्वाचं वाटतं. कोकणी वळणाची मराठी बोलणारा, स्वभावानं बुजरा माणूस बोरी नदीकाठच्या गावात खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांमध्ये जाऊन राहिला. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोरांशी पुस्तकी मराठी बोलून काय उपयोग? बोलायचं ते सोपं आणि थेट काळजाला भिडणारं.

‘छात्रालय’ दैनिक म्हणजे नेमकं काय होतं?

हाताने लिहिलेलं रोजचं वर्तमानपत्र. छापखाना नाही, वर्गणी नाही. मुलं झोपली की गुरुजी लिहायला बसत आणि सकाळी मुलांना वाचायला अंक तयार असे. त्यात देशातल्या घडामोडी असत, थोरांच्या आठवणी असत, गोष्टी आणि कविता असत, आणि छात्रालयातल्या रोजच्या जगण्याबद्दल चार शब्द असत.

शेवटचा भाग नीट लक्षात घ्या. छात्रालयात गुरुजी मुलांची आवराआवर स्वतःच करत. कुणाचं अंथरूण तसंच पडलेलं दिसलं तर ते घडी करून ठेवत, मळके कपडे धुऊन टाकत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. रागावणं नाही, दंड नाही. पोरगं वर्गातून येऊन बघतं तर अंथरूण नीट लावलेलं, आणि ते कुणी लावलं हे सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून ते आपलं आपण उठून आवरायचं. दैनिकही त्याच हातातलं. जे बोलून ओशाळवाणं झालं असतं, ते लिहून पोचवता येतं. मुलगा एकटा उभा राहून वाचतो, त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही.

हे शिक्षकाला लगेच कळेल. वर्गात चाळीस जणांसमोर बोललेला उपदेश आणि कागदावर एकट्यानं वाचलेली गोष्ट, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हस्तलिखित दैनिकाला ‘साहित्य’ म्हणायचं का?

मी म्हणेन. लेखकाला वाचक कोण हे बहुतेक वेळा माहीत नसतं. इथे ते नावानिशी माहीत होते. कालचा अंक कुणाला कंटाळवाणा वाटला आणि कोणत्या ओळीला कुणाचे डोळे भरून आले, हे जेवणाच्या पंगतीत कळत होतं. रोज लिहायचं म्हटल्यावर शब्द घासूनपुसून ठेवायला सवडच नसते. वाक्य लहान होतं, क्रियापद लवकर येतं, उदाहरण घरातलं येतं. ‘श्यामची आई’ उघडून कुठलंही पान वाचा, हेच गुण दिसतील.

आणि एक. दैनिक रोज संपतं. उद्या पुन्हा कोरा कागद. एका बैठकीत एक गोष्ट पुरी करायची सवय त्यातूनच लागत असणार. ‘श्यामची आई’तही रोज रात्री एकच आठवण आहे, आणि ती त्याच रात्री संपते.

‘विद्यार्थी’ मासिक कधीचं?

१९२८ चं. छात्रालयाच्या भिंतींबाहेरच्या मुलांपर्यंत पोचण्याची ही पुढची पायरी. त्यातलं बरंचसं लेखन गुरुजींचंच असे. १९३० साली ते नोकरी सोडून सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उतरले आणि शाळेतली सहा वर्षं संपली.

त्यांनी चरित्रंही लिहिली होती का?

हो, आणि ती पंचविशीच्या आसपास सुरू झाली. सुरुवातीचं ठळक पुस्तक म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचं चरित्र. ईश्वरचंद्र विद्यासागर आणि इतिहासाचार्य राजवाडे यांच्यावरही त्यांनी लिहिलं.

गोखल्यांची निवड मला बोलकी वाटते. गोखलेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, गुहागरजवळच्या कोतळूकचे. तेही गरिबीतून शिकले आणि तेही आधी शिक्षकच होते. तरुण साने यांनी या माणसात स्वतःच्या आयुष्याचा काहीतरी धागा पाहिला असणार, असं मला वाटत राहतं. स्वतः पुढे गांधींच्या वाटेनं तुरुंगात गेलेला हा लेखक सुरुवातीला एका नेमस्त नेत्यावर एवढ्या आस्थेनं लिहितो, यातून त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. पक्ष कोणता, यापेक्षा माणूस कसा जगला हे त्यांना आधी बघायचं असे.

प्रामाणिकपणे सांगतो, या चरित्रांची भाषा जड आहे. अंदाजपत्रकावरची भाषणं, कायदेमंडळ, राजकारणातले मतभेद असा मजकूर, आणि तो सांगणारा विद्वान होऊ पाहणारा तरुण. पाचवी-सहावीच्या मुलाला हे पुस्तक देऊ नका, त्याला गुरुजीच नावडते होतील. दहावीच्या पुढच्या मुलाला जरूर द्या. त्यानं ‘श्यामची आई’ आधी वाचलेली असेल तर एकाच लेखकाच्या दोन भाषा शेजारी ठेवून बघण्याचा आनंद त्याला मिळेल.

‘बलसागर भारत होवो’ हे कुठल्या पुस्तकातलं?

‘पत्री’ या कवितासंग्रहातलं. आपल्या पिढ्यांनी ते प्रार्थनेच्या रांगेत उभं राहून म्हटलं, पण संग्रहाचं नाव बहुतेकांना सांगता येत नाही. यातल्या कवितांचा लोकांवर होणारा परिणाम पाहून ब्रिटिश सरकारनं संग्रहाच्या प्रती जप्त केल्या होत्या. मुलांना हे जरूर सांगा. आपण ज्या ओळी इतक्या सहज गातो, त्या कधी काळी सरकारला धोक्याच्या वाटल्या होत्या.

नावाकडेही बघा. गणपतीच्या पूजेसाठी आपण पत्री गोळा करायला जातो. दूर्वा, आघाडा, शमी, जे परसात आणि बांधावर मिळेल ते. फुलं विकत आणावी लागतात, पत्री कुणालाही मिळते. आपल्या कवितांना कमळ किंवा मोगरा असं काही न म्हणता पानं म्हणणं, हा त्या माणसाचा खरा स्वभाव होता. त्यात दाखवण्यापुरती नम्रता नव्हती.

ते तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात कसे पोचले? तिथे काय लिहिलं?

१९३० साली अटक झाल्यावर आधी धुळे, मग थेट तमिळ मुलखातल्या तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात रवानगी झाली. तिथे दक्षिणेतले सत्याग्रही बरोबर होते. अनेक भाषा एका आवारात कोंडलेल्या, आणि शेजारच्या माणसाचं बोलणं आपल्याला कळत नाही ही खंत. या खंतीतून पुढे आंतरभारतीची कल्पना उगवली. प्रत्येकानं दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथलं साहित्य आपल्या भाषेत आणावं, हे गुरुजी अखेरपर्यंत सांगत राहिले. तिरुवळ्ळुवरांचा ‘कुरळ’, १३३० द्विपदींचा तो तमिळ ग्रंथ, त्यांनी स्वतः मराठीत आणला, त्याची ओढही इथलीच.

‘गीता प्रवचने’ साने गुरुजींची की विनोबांची?

प्रवचनं विनोबांची, लेखणी गुरुजींची. भाषणात ही चूक करू नका, कारण ती दोन्ही बाजूंनी होते. कुणी पुस्तक गुरुजींच्या नावावर टाकतं, तर कुणी गुरुजींचं नावच घेत नाही.

१९३२ साली दोघंही धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर सांगितलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. विनोबा बोलत होते आणि गुरुजी लिहून घेत होते. ते लिहून घेतलं गेलं नसतं तर आज देशातल्या अनेक भाषांत पोचलेलं हे पुस्तक त्या कैद्यांच्या आठवणीपुरतं उरलं असतं. विनोबांनीही गुरुजींच्या या कामाचा गौरवानं उल्लेख केला आहे.

आता थोडं थांबून विचार करा, अठरा रविवार हे काम करणाऱ्या माणसाला काय मिळालं असेल. लघुलिपीचं यंत्रवत टिपण वेगळं, आणि बोलणाऱ्याचा सूर कागदावर आणणं वेगळं. विनोबांचं बोलणं असं, की गीतेचा अवघड श्लोक सांगता सांगता ते आईची, घरातली, शेतातली गोष्ट सांगतात. ‘माझी आई असं म्हणायची’ हे त्यांच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतं. आपली आई हरवलेला एक माणूस समोर बसून हे ऐकतो आहे आणि शब्दन्‌शब्द उतरवतो आहे. मोठा विचार आईच्या तोंडच्या साध्या वाक्यातून सांगता येतो, हे त्यानं अठरा आठवडे स्वतःच्या हातानं लिहिलं. पुढे आठ महिन्यांच्या आत तो नाशिकच्या तुरुंगात स्वतःच्या आईबद्दल लिहायला बसला. या दोन घटनांचा संबंध मी जोडतो आहे, तो माझा तर्क म्हणून घ्या. पण ‘गीता प्रवचने’ आणि ‘श्यामची आई’ एकापाठोपाठ वाचणाऱ्याला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

‘श्यामची आई’ खरंच पाच दिवसांत लिहिली?

९ फेब्रुवारी १९३३, गुरुवार, ही सुरुवात आणि १३ फेब्रुवारी, सोमवारची पहाट, हा शेवट. पुस्तकाचा मोठा भाग या पाच दिवसांत लिहून झाला. पुस्तकात ४२ रात्री आहेत. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलं आहे, कारण श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो.

मुलं विचारतात, ‘एवढ्या वेगानं कसं लिहिलं?’ वरची उत्तरं वाचली असतील तर याचं उत्तर आलंच. आठवणी साठलेल्या होत्याच, आणि सांगण्याची रीत हातात बसलेली होती. एकच उदाहरण घेऊ. न्हाऊन झाल्यावर ओल्या तळपायांना माती लागेल म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो आणि आई आपल्या लुगड्याचा ओला ओचा धोंडीवर पसरते. त्यावर पाय ठेवून तो घरात येतो. मग आई म्हणते, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसंच मनाला घाण लागू नये म्हणूनही जप. उपदेश एका वाक्याचा, आणि त्याच्याआधी ओलं लुगडं, धोंड, माती, पाय, सगळं डोळ्यांसमोर उभं. ओचा पसरणारे हात आधी दिसले, म्हणून ते वाक्य पोचतं. पंचविशीतला चरित्रकार आधी विचार मांडतो आणि मग दाखला देतो. तेहतिशीतला गुरुजी आधी ओचा पसरतो. मधल्या काळात छात्रालय झालं होतं.

‘धडपडणारी मुले’ आधीचं की नंतरचं?

लिहिलं नंतर, पण त्यातलं जग आधीचं आहे. छात्रालय, तिथली मुलं आणि त्यांच्यावर जीव लावणारे स्वामी नावाचे शिक्षक, ही कादंबरी अमळनेरच्या दिवसांतूनच आली. दैनिकाच्या काळातलं वातावरण कसं असेल हे अनुभवायचं असेल तर हे पुस्तक वाचा. कादंबरी म्हणून ती सैल आहे, लांबलेलीही आहे. तरी छात्रालयाची प्रकरणं वाचताना मी आजही मध्येच पुस्तक मिटून बसतो.

‘गोड गोष्टी’ आणि ‘सुंदर पत्रे’?

दोन्ही नंतरच्या काळातली. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रं तर अगदी अखेरच्या दिवसांतली आहेत.

गुरुजींचं लेखन शाळेच्या अंकात छापलं तर चालतं का?

चालतं. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे २०११ पासून त्यांचं स्वतःचं लेखन सर्वांसाठी खुलं झालं. म्हणूनच बाजारात ‘श्यामची आई’च्या इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या दिसतात. विकत घेताना संक्षिप्त आवृत्ती नाही ना, ते तपासा. रात्री ४२ आहेत का, एवढं मोजलं तरी पुरे. ‘गीता प्रवचने’ मात्र विनोबांची, आणि विनोबा १९८२ साली गेले, त्यामुळे तिथे परवानगी लागते.

मुलांना दाखवायला घेऊन जावं असं काही आहे का?

पालगडला गुरुजींचं घर स्मारक म्हणून जपलं आहे. अमळनेरची शाळा आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तत्त्वज्ञान मंदिरही आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरलं, तेव्हा संमेलननगरीला गुरुजींचंच नाव होतं. शिवाय रायगड जिल्ह्यात माणगावजवळ वडघरला राष्ट्रीय स्मारक आहे, तिथे मुलांची शिबिरं होतात.

आमच्या शाळेत असं हस्तलिखित दैनिक सुरू करायचं आहे. जमेल का?

जमतं. मी एक वर्ष चालवलं आहे, म्हणून सांगतो. एक आखीव फुलस्केप, शाईचं पेन, आणि जिन्याजवळची अशी भिंत जिथे पोरांना थांबावंच लागतं. अक्षर मोठं ठेवा. पहिला मजकूर शाळेतलाच हवा : कुणाची सायकल सापडली, बागेतल्या पपईला किती फळं लागली. त्याच्याखाली एका माणसाची छोटी गोष्ट, दहा ओळींच्या आत. चुकलेल्या मुलाचं नाव कधीही लिहू नका, चांगलं केलेल्याचं जरूर लिहा.

पहिला आठवडा कुणी वाचत नाही. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढतं, तेव्हा समजा की चाललं. मला एकदा तापामुळे दोन दिवस जाता आलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो तर भिंतीवर सहावीतल्या एका मुलाच्या अक्षरात कागद लावलेला होता. वर तारीख, खाली एकच ओळ : ‘आज सर आले नाहीत. पपई पिकली आहे, त्यांच्यासाठी ठेवली आहे.’